गावचं गाऱ्हाणं लोकसभेच्या पटलावर: खासदाराकडून प्रश्न मांडून घ्यायचा कसा

एका खासदारांच्या मतदारसंघातल्या कार्यालयात काही वर्षं मी टपाल उघडायचं काम केलं. निवेदनांचा गठ्ठा रोजचा. बहुतेक निवेदनांचा शेवट ठरलेला: ‘तरी मेहेरबान साहेबांनी जातीने लक्ष घालून सदर प्रश्न संसदेत मांडावा, ही नम्र विनंती.’ त्याखाली सरपंचांपासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांचे शिक्के. वर मजकुरात मात्र रस्ता कुठला, फाटक कोणत्या दोन स्टेशनांमधलं, त्रास कधीपासून, याआधी कुणाला कळवलं, यातलं काहीच नसायचं. अशा निवेदनाला आम्ही पोच द्यायचो आणि ते फायलीत लावायचो. साहेबांना काम करायचं नसायचं असं नाही. सभागृहात जे लागतं ते त्या कागदात नसायचं, एवढंच.

आपला खासदार मंत्री नाही, पक्षाचा प्रवक्ता नाही, मागच्या बाकावर बसतो, त्याचं कोण ऐकणार, असं लोक म्हणतात. मोठ्या चर्चांपुरतं ते खरं आहे. तिथे वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटली जाते आणि मागच्या बाकापर्यंत पोहोचेस्तोवर ती दोन-तीन मिनिटांवर आलेली असते. पण स्थानिक प्रश्नासाठीची हत्यारं वेगळी असतात. ती सोडतीने मिळतात आणि सोडतीला बाक कळत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. तुम्हाला भाषण हवंय की उत्तर? खासदार तावातावाने बोलताहेत, मागे हिरवी बाकं दिसताहेत, अशी दीड मिनिटाची क्लिप गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन दिवस फिरते. मंत्र्याचं लेखी उत्तर मात्र कायम नोंदीवर राहतं आणि पुढची पाच वर्षं ते हातात धरून कुठल्याही टेबलासमोर उभं राहता येतं. माझं मत विचाराल तर क्लिप मिळाली नाही तरी चालेल, उत्तर सोडू नका.

आधी बघा, प्रश्न दिल्लीचा आहे का

पोलीस, जमिनीची मोजणी, जिल्हा परिषदेची शाळा, पाटाचं पाणी हे राज्याचे विषय. त्यासाठी आमदाराकडे जा. केंद्र सरकारची जबाबदारी नसलेला विषय लोकसभेत प्रश्न म्हणून स्वीकारला जात नाही. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, दूरसंचार, राष्ट्रीयीकृत बँका, भविष्य निर्वाह निधी, लष्कराच्या जमिनी, विमानतळ, आयात-निर्यात हे केंद्राचं. पीकविमा किंवा जलजीवनसारख्या योजनांत पैसा दोघांचा आणि अंमलबजावणी राज्याची असते. तिथे प्रश्न ‘केंद्राने किती निधी दिला, राज्याने किती खर्च केल्याचं कळवलं’ असा वळवून घ्यावा लागतो.

रस्त्याबद्दल शंका असेल तर कडेचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. निवेदन लिहिण्याआधी दगड बघून आलेली माणसं मला फार थोडी भेटली.

मंत्रालय ओळखण्यात तर हमखास चूक होते. कांदा घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा नाशिक, नगर, पुण्याकडून येणारी सगळी निवेदनं ‘कृषिमंत्र्यांना विचारा’ म्हणत होती. निर्यात खुली की बंद हे वाणिज्य मंत्रालयाकडून निघतं. निर्यातशुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढतं. सरकारी साठ्यासाठी नाफेड किती कांदा घेणार हे ग्राहक व्यवहार खात्याकडे. एकाच कांद्याचे तीन मंत्री आणि प्रश्नोत्तरांचे वारही वेगळे असू शकतात. भलत्याच मंत्र्याला विचारलं तर हाती काही लागत नाही आणि अधिवेशन संपून जातं.

रेल्वेतही तेच. नागपूरला दोन विभाग आहेत, एक मध्य रेल्वेचा आणि एक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत येतो आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला. कोकण रेल्वे हे तर वेगळं महामंडळच. आपलं स्टेशन कोणाकडे येतं ते स्टेशनमास्तरांना विचारून घ्या.

हेही तपासा की कामाला संसद लागते का. बसथांब्याची शेड, शाळेची एखादी खोली ही खासदार निधीतली कामं. हा निधी वर्षाला ५ कोटी आणि महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा येतात, तेव्हा तुमच्या वाट्याला किती येईल ते तुम्हीच मोजा.

कुणाकडे जायचं आणि कधी

तुमचे खासदार केंद्रात मंत्री असतील तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत, कारण मंत्र्यांनी उत्तरं द्यायची असतात. मग शेजारच्या मतदारसंघाचे खासदार किंवा राज्यसभेचे सदस्य गाठा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत, गोव्याचे २ आणि १. शेजारचे खासदार नको म्हणतील असं वाटतं, पण रेल्वेमार्ग किंवा महामार्ग दोन्ही मतदारसंघांतून जात असेल तर ते आनंदाने घेतात.

कार्यालयात गेल्यावर साहेबांची किंवा ताईंची भेट, हार, फोटो हे सगळं करा, त्याला हरकत नाही. पण खरं काम पीएशी बोलून होतं. त्यातही मतदारसंघातला पीए वेगळा आणि दिल्लीतला वेगळा. प्रश्नांची सूचना संसदेच्या पोर्टलवर भरली जाते ती बहुतेक वेळा दिल्लीत. इथल्या पीएंना म्हणा, ‘दादा, दिल्लीच्या कार्यालयाला हा कागद पाठवता का, आणि पाठवल्यावर मला कळवता का?’ यातलं दुसरं वाक्य विसरू नका.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. प्रश्नाची सूचना उत्तराच्या तारखेआधी पूर्ण १५ दिवस द्यावी लागते. अधिवेशन सुरू झाल्याची बातमी वाचून निवेदन घेऊन निघालात तर पहिल्या दोन आठवड्यांचे प्रश्न कधीच गेलेले असतात. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, म्हणजे देहू-आळंदीहून पालख्या निघतात तेव्हा तुमचा कागद तयार हवा. हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीचा फराळ संपेपर्यंत. अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी डिसेंबर संपायच्या आत, कारण १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प असतो आणि जानेवारीत दिल्लीच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

एका पानाचा कागद

एकच पान. दुसरं पान कुणी वाचत नाही, मीही वाचत नव्हतो.

एक उदाहरण घेऊ. समजा गावाजवळचं रेल्वे फाटक बंद करून रुळांखालून भुयारी मार्ग केलाय. आमच्याकडे त्याला मोरीच म्हणतात. ब्रॉडगेजवरची विनाचौकीदार फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत सगळी काढली गेली. चौकीदार असलेली फाटकंही टप्प्याटप्प्याने बंद होताहेत. त्यामुळे अशा मोऱ्या गावोगाव आहेत आणि पावसाळ्यात त्यांतल्या अनेकींत पाणी भरतं. उसाची ट्रॉली उंचीत अडकते ती वेगळीच कहाणी.

या पानावर काय हवं? फाटकाचा जुना क्रमांक. दोन्ही बाजूंच्या स्टेशनांची नावं. किलोमीटर, जो रुळांकडेच्या विजेच्या खांबावर रंगवलेला असतो. त्याचा लांबूनच फोटो काढा, रुळांवर जाऊ नका. कोणकोणत्या गावांना हीच वाट आहे. पर्यायी रस्ता किती किलोमीटरचा. आधी कुणाला, कोणत्या तारखेला लिहिलं आणि काय उत्तर आलं. शेवटी नेमकी मागणी, एका वाक्यात.

आणि त्रासाचा पुरावा. ‘लोकांचे अतोनात हाल होतात’ हे वाक्य खोडा. एका गावाने आणलेला पुरावा मला अजून आठवतो. दूध संकलन केंद्रावर बसणाऱ्या पोराने शाळेच्या दुरेघी वहीत नोंदी ठेवल्या होत्या. मोरीच्या भिंतीवर तेलरंगाने फुटांच्या खुणा केलेल्या, आणि वहीत तारीख, सकाळी सहाला पाणी किती, उतरलं कधी, दुधाची गाडी कुठून फिरून आली. एका पावसाळ्यातले एकोणीस दिवस. कुठे ‘तीन फूट, कमरेला’ असं लिहून ‘कमरेला’ खोडलेलं. ते पान साहेबांनी स्वतः दोनदा वाचलं. चारशे सह्यांचं निवेदन त्यांनी दोनदा वाचलेलं मी कधी पाहिलं नाही.

सरकारी बाजूची माहिती हवी असेल तर आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. मोरीचा खर्च किती, पाण्याच्या निचऱ्याची तरतूद मूळ आराखड्यात होती का, एवढं विचारा. हे उत्तर प्रश्नाला जोडलं की खासदाराच्या कार्यालयाचं निम्मं काम होतं.

कोणतं हत्यार

सुरुवात साध्या पत्राने करायला सांगा. खासदाराच्या पत्राची १५ दिवसांत पोच आणि त्यापुढच्या १५ दिवसांत उत्तर द्यावं, अशा सूचना केंद्राच्या सगळ्या खात्यांना आहेत. कधी कधी तेवढ्यावरच काम होतं आणि संसदेची पायरी चढावी लागत नाही.

नाही झालं तर अतारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला फक्त लेखी उत्तर मिळतं तो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. ऐकायला भारी वाटतं, पण ११ ते १२ या तासात वीसपैकी मोजकेच प्रश्न पुकारले जातात. तेही सभागृह चाललं तर. गोंधळात कामकाज तहकूब झालं तरी त्या दिवसाची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. तुमच्या मोरीसाठी अतारांकितच बरा. कार्यकर्ते ‘तारांकितच हवा’ म्हणून हटून बसतात. त्यांची समजूत घालण्यात माझे बरेच चहा गेले.

नियम ३७७ खाली खासदार एखादी मागणी थेट मांडू शकतो. मजकूर २५० शब्दांच्या आत, एका सदस्याला आठवड्यात एक, दिवसाला वीस विषय. मंजूर झालेला मजकूरच वाचायचा किंवा पटलावर ठेवायचा. मंत्रालयाने महिनाभरात लेखी उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. मागणी स्पष्ट असेल आणि माहिती विचारायची नसेल, उदाहरणार्थ ‘अमुक गाडीला अमुक स्टेशनवर थांबा द्या’, तर हेच वापरा.

शून्य प्रहर बाराच्या सुमारास. नियमपुस्तकात याचं नावही नाही, प्रथेने चालतो. तातडीच्या गोष्टीसाठी चांगला: परवा पूल वाहून गेला, काल खरेदी केंद्र बंद पडलं. सरकारवर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. खासदारांना मराठीतून बोलायचं असेल तर दुभाष्याची सोय होते, आणि एखाद्या वेळी तसं बोलावंही. पण प्रश्नाच्या सूचनेचा कागद हिंदी किंवा इंग्रजीतच लागतो.

खासगी विधेयकाच्या मागे मात्र लागू नका. स्वातंत्र्यापासून आजवर अशी १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० मध्ये.

अजून एक वाट आहे, ती फारशी कुणी वापरत नाही: याचिका. तुम्ही नागरिक म्हणून थेट लोकसभेला उद्देशून याचिका लिहायची आणि खासदाराने त्यावर प्रतिस्वाक्षरी करून ती सादर करायची. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीनिशी जोडायचं. शेवटी नेमकी प्रार्थना हवी. मग १५ सदस्यांची याचिका समिती मंत्रालयाकडून खुलासा मागवू शकते. वेळ लागतो. दहा-बारा गावांचा वर्षानुवर्षांचा प्रश्न असेल तरच या वाटेला जा.

प्रश्न लिहायचा कसा

गावाकडून येणारा मसुदा साधारण असा असतो: ‘आमच्या गावच्या मोरीत दर पावसाळ्यात पाणी भरते, रेल्वे प्रशासन झोपा काढत आहे, तरी सरकार याकडे लक्ष देणार आहे काय?’ हा प्रश्न तीन ठिकाणी मार खातो. ‘झोपा काढत आहे’ हा आरोप झाला, आणि प्रश्नात आरोप, उपहास, युक्तिवाद चालत नाही. ‘लक्ष देणार काय’ला ‘होय’ एवढंच उत्तर पुरतं. आणि मोरी कुठली ते कळतच नाही.

हाच प्रश्न असा लिहून द्या. कार्यालय त्याचं भाषांतर करून घेईल:

‘रेल्वेमंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय:
(अ) अमुक रेल्वेच्या अमुक विभागात गेल्या तीन वर्षांत किती फाटके बंद करून भुयारी मार्ग बांधण्यात आले, त्याचा जिल्हावार तपशील;
(आ) त्यांपैकी किती मार्गांत पावसाळ्यात पाणी साचल्याच्या तक्रारी आल्या, आणि अमुक व तमुक स्थानकांदरम्यानच्या फाटक क्रमांक अमुकच्या जागी बांधलेला मार्ग त्यांत आहे काय;
(इ) असल्यास, तेथे निचऱ्यासाठी कोणती कामे मंजूर झाली, मंजूर रक्कम व आजवरचा खर्च किती;
(ई) ही कामे कधीपर्यंत पूर्ण होतील, आणि मंजूर नसल्यास त्याची कारणे काय?’

यातल्या पहिल्या भागामुळे प्रश्न एका गावापुरता राहत नाही आणि शेजारच्या खासदारांनाही त्यात रस वाटतो. दुसऱ्यात तुमची मोरी नावानिशी येते. तिसऱ्यात पैसा. चौथ्यात तारीख, किंवा तारीख नसल्याचं कारण, म्हणजे दोन्हीकडून काहीतरी हाती लागतं. सगळं मिळून १५० शब्दांच्या आत, कारण मर्यादाच तेवढी आहे. प्रकरण न्यायालयात असेल तर तो भाग वगळा. आणि पाठवण्याआधी संसदेच्या संकेतस्थळावर शोधा: हाच प्रश्न कुणी आधी विचारलेला असेल तर तो पुन्हा घेतला जात नाही. मात्र ते जुनं उत्तर तुमच्या कामाचं असतं. त्यातलं एक वाक्य पकडून पुढचा प्रश्न करा.

एकच प्रश्न एका खासदाराकडून पाठवण्यापेक्षा थोड्या वेगळ्या शब्दांत दोघा-तिघांकडून पाठवा. एकाची चिठ्ठी तरी निघते.

पैशाचं नाव काढू नका

हे लिहायला नको वाटतं, पण व्यापारी संघटना कधी कधी ‘खर्चाचं बघू’ म्हणतात. १९५१ मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून (सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून) आर्थिक लाभ घेऊन तिची बाजू संसदेत मांडल्याचा ठपका आला आणि त्यांना जावं लागलं. २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. पोर्टलचा पासवर्डही मागू नका. २०२३ मध्ये एका सदस्याचं सदस्यत्व गेलं, त्या प्रकरणात लॉगिन बाहेरच्या व्यक्तीला दिल्याचा मुद्दा होता. मसुदा द्या, पुरावा द्या, तिथे थांबा.

उत्तर आल्यावर

खरी मेहनत इथून पुढे असते आणि नेमके इथेच लोक पांगतात. उत्तर त्याच दिवशी संकेतस्थळावर येतं, खासदाराच्या नावाने शोधता येतं. ते छापून घ्या आणि क्रियापदं अधोरेखित करा. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’, ‘मी याकडे लक्ष देईन’ ही वाक्यं वाचून लोक निराश होतात. खरं तर अशी वाक्यं आश्वासन म्हणून धरली जातात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून त्यांचा हिशेब ठेवते आणि पूर्ततेची मुदत तीन महिन्यांची. तेव्हा खासदारांच्या कार्यालयाला विचारा, आपलं उत्तर आश्वासनांच्या यादीत घेतलंय का? नसेल तर समितीला पत्र लिहायला सांगा. तीन महिने उलटले की पुन्हा.

उत्तरातली माहितीच चुकीची असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली सदस्याला ती चूक दाखवून देता येते. त्यासाठी पुरावा चोख हवा. ती दुरेघी वही अशा वेळी लाखाची असते. उत्तर अपुरं असेल तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते, पण तिला दोन आणखी सदस्यांच्या सह्या लागतात आणि नंबर लागणं कठीण.

निधीची बाब असेल तर अर्थसंकल्पानंतर रेल्वेचं पिंक बुक, म्हणजे कामांची आणि त्यांच्या रकमांची यादी, बघा. झोननिहाय कामांच्या यादीत तुमचं काम आलं का, आणि आलं असेल तर रक्कम किती? नुसते १००० रुपये टाकून नाव जिवंत ठेवलेलं कामही असतं. ते वाचून पेढे वाटू नका.

आणि दम धरा. कोकण रेल्वेची मागणी बॅरिस्टर नाथ पैंनी विरोधी बाकांवरून लावून धरली होती. त्यांच्यानंतर राजापूरहून मधु दंडवते १९७१ मध्ये निवडून आले, त्यांनी ती पुढे रेटली, मध्ये स्वतः रेल्वेमंत्री झाले. महामंडळ स्थापन झालं १९९० मध्ये आणि पूर्ण मार्गावर गाडी धावली २६ जानेवारी १९९८ ला. तुमच्या मोरीला एवढी वर्षं लागणार नाहीत, पण एका अधिवेशनात निकाल लागेल हेही धरून चालू नका.

एक फाइल करा. त्यात क्रमाने: मूळ कागद, खासदारांचं पत्र, प्रश्न, उत्तर, आश्वासनाचा क्रमांक. निवडणुकीत खासदार बदलले तर नव्या खासदारांसमोर हीच फाइल ठेवायची, नव्याने निवेदन लिहीत बसायचं नाही. आणि समजा उत्तरात लिहून आलं की ‘सदर ठिकाणी पंप बसवण्यात आला आहे’, तर आभाराचा फलक लावण्याआधी मोरीवर जा. पंप आहे का बघा. असेल तर त्याला वीजजोडणी आहे का बघा. जोडणी असेल तर पाऊस पडल्यावर तो सुरू कोण करतं, चावी कुणाकडे असते, हे त्याच वहीत तारखेनिशी लिहा. पुढच्या प्रश्नाचा (अ) भाग तिथूनच निघतो.